देवीच्या दिव्याची वायर

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आल्या आणि माझ्या दुकानासमोर उतरल्या. बाई आणि दुसऱ्याच्या गाडीवर? साडीचा काठ चिखलानं भरलेला, चष्मा नाकावर घसरलेला. "वायरमन, आज मी कालव्यात जात होते," त्या म्हणाल्या. "पुलाजवळच्या वळणावर स्टेअरिंग एकदम दगड झालं. वळेचना. ब्रेक लागला म्हणून तुझ्यासमोर उभी आहे. गाडी तिथंच आहे, जाऊन बघ." एवढं बोलून त्या समोरच्या आपल्या दवाखान्यात शिरल्या, कारण बाकावर पेशंट बसले होते. मी पान्हा खाली ठेवला आणि पुलाकडं निघालो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, अजून आहे. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, उसाचे ट्रक, जे दारात येईल त्याचे दिवे, हॉर्न, डायनामो मी करायचो. हात चांगला होता, आणि हात चांगला आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं. "आपण जोडलेला सांधा पुन्हा बघायला लागत नाही," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी माझ्या तोंडून निघायचं. गिऱ्हाईक कंटाळायचं, पण ऐकून घ्यायचं. स्वभाव तापट. माझ्या कामात कुणी खोट काढली की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या भागातल्या बाळंतपणाच्या डॉक्टर. वय पंचावन्नच्या पुढं, एकट्या राहायच्या. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळं डाव्या खांद्यात जोर नव्हता. मनगटापासून पुढं हात चालायचा, पण वर उचलायचा नाही. तशा हातानं त्यांनी पंचक्रोशीतली निम्मी पोरं जगात आणली. अडचण एकच. वाडीवस्तीवर जायचं तर ड्रायव्हर लागायचा, आणि कुठं बाळंतीण अडली की ड्रायव्हर नेमका लग्नाला गेलेला असायचा. मग त्यांचा भाऊ बरीच वर्षं परदेशात राहून कायमचा पुण्याला आला. येताना तिकडची गाडी घेऊन आला, आणि बहिणीची अडचण ओळखून ती त्यानं बाईंना देऊन टाकली.

काय गाडी होती ती! लांबलचक, मोत्याच्या रंगाची, काचा बटणावर खालीवर व्हायच्या, गिअर आपोआप पडायचे. आणि स्टेअरिंग तर काय सांगावं, एका बोटानं फिरायचं. बाई उजव्या हातानं गाडी चालवायच्या आणि डावा नुसता मांडीवर ठेवायच्या. गाडी आल्यापासून त्यांना कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नव्हतं. माझी बायको अडली तेव्हा त्याच गाडीतून त्या भर दुपारी आमच्या वस्तीवर आल्या. बाळाच्या गळ्याभोवती नाळ अडकली होती. बाईंनी आत काय केलं ते मला कळलं नाही, पण घटकाभरानं लेकीच्या रडण्याचा आवाज आला.

आमचं दैवत मोहट्याची देवी. त्या घटकाभरात मी मनात बोललो होतो, "आई, दोघी वाचू देत, बाईंच्या गाडीत तुझा अखंड दिवा लावीन." दोघी वाचल्या. मी मोहट्याच्या गडावरून देवीचा पितळी टाक आणला, बाईंच्या गाडीच्या डॅशबोर्डावर बसवला आणि त्याच्यासमोर टेपरेकॉर्डरमध्ये असतो तसला इवलासा लाल दिवा लावला. बाई देवाधर्माच्या फारशा नव्हत्या. "उजेड डोळ्यावर येऊ देऊ नकोस म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या. दिवा अखंड हवा, म्हणून गाडी बंद असतानाही जिच्यात करंट असतो अशी एक वायर मी डॅशबोर्डाखाली शोधली, ती तोडली, दिव्याची वायर तिच्यात पिळून घेतली आणि वर टेप गुंडाळला. दहा मिनिटांचं काम. पुढं रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पाण्यात बुडवलेलं झेंडूचं फूल मी देवीला वाहायचो. पाण्याचे चार थेंब खाली ओघळायचे, तेही मला पवित्रच वाटायचे.

तर त्या अमावास्येला मी कालव्यावर गेलो. गाडीचं पुढचं चाक काठापासून हातभर अंतरावर होतं.  स्टेअरिंग धरलं तर जात्याइतकं जड. मला वाटलं, पॉवर स्टेअरिंग म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, तेल गळालं असेल. बॉनेट उघडून पाऊण तास मी तेलाची टाकी शोधली. हसा खुशाल! टाकी नव्हतीच. ह्या गाडीत स्टेअरिंगला एक इलेक्ट्रिक मोटर जोडलेली होती, आणि त्या मोटरीला हुकूम देणारी एक पेटी डॅशबोर्डाखाली बसवलेली होती. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी जोर लावत गाडी कशीबशी दुकानासमोर आणली. पेटीचा जोड काढून वायरवर मीटर लावलं, तर बारा व्होल्ट, अगदी भरपूर. जोड परत लावला की पेटी "टक्" असा आवाज करायची आणि गप्प व्हायची. म्हणजे करंट येतोय आणि पेटी काम करत नाही.

तशीच गाडी ओढत नगरच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनीही मीटर लावलं, त्यांनाही बाराच व्होल्ट दिसले. "पेटी गेली. परदेशातून मागवावी लागेल, सहा महिने तरी धरून चाला," असं त्यांनी सांगितलं. परत येऊन मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या औषधाची चिठ्ठी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सहा महिने ड्रायव्हरच्या मागं पळायचं वय नाही राहिलं माझं. भाऊ दसऱ्याला येतोय. केव्हाचा म्हणतोय, पुण्याला चल. गाडी घेऊन जाईल, आणि मीही जाते त्याच्याबरोबर. पुरे झालं आता." बाकावर दिवस भरत आलेल्या तीन बायका बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं, मी ऐकलं. 

माझ्या हातात दसऱ्यापर्यंतचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी घट बसले. घरोघरी मातीत गहू पेरले, पहिली माळ चढली, नंदादीप लागले. मी नऊ दिवसांचे उपास धरले आणि गाडीखाली शिरलो. फ्यूज बदलले, जोड पुसले, मोटरीपर्यंतची वायर हातानं चाचपली. चहाला येणारे लोक सल्ले देऊन जायचे. "अवो, आवसंला बाहेर काढायचीच न्हाई गाडी," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "लिंबू-मिरची नव्हती ना बांधली? मंग!" मी दोघांनाही हाकलून दिलं. मनातून मात्र मी देवीवर भडकलो होतो. अगं, तुझा दिवा ह्या गाडीत चोवीस तास तेवतोय, आणि तुझ्या डोळ्यांदेखत ही बाई गाव सोडून चाललीय? तुला काहीच वाटत नाही? असं मी चक्क टाकाकडं बघून बोलायचो. लाल दिवा आपला शांतपणे चालू असायचा.

एक गोष्ट मी केली नाही. बॅटरी सोडवली नाही, आणि दिव्याच्या वायरीला हात लावला नाही. नवरात्र चालू, त्यात नवसाचा दिवा. नवरात्रात दिवा विझला तर काय होतं हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. करंट चालू ठेवूनच मी सगळं काम केलं, दोनदा चटका बसला, तरी दिवा जाऊ दिला नाही. बायको म्हणाली, "किती जिवाला खाताय? आईकडं जाऊन या एकदा." मला ते पटलं. सहाव्या माळेच्या पहाटे मी श्रीरामपूरहून एसटी धरली आणि शेवगावमार्गे पाथर्डीला गेलो. तिथून मोहट्यापर्यंत जीपमध्ये कोंबून. मागणं मागायला चाललो होतो असं म्हणवत नाही, जाब विचारायला चाललो होतो.

दुपारी गडाच्या पायथ्याशी उतरलो. ऊन मी म्हणत होतं. उपासानं डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणून रस्त्याच्या कडेच्या एका घराच्या दारात पाणी मागायला थांबलो. आत एक म्हातारी घटासमोर बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "माठ तिथं हाय, घे. माजं हात गुतलंत." मी पाणी प्यालो आणि सहज आत बघितलं. घटाभोवती कोवळे गहू टरारून आले होते. शेजारी तेलाचा दिवा, त्याच्या वातीवर काजळीचा गोळा जमलेला. म्हातारीनं एक पणती घेतली, मोठ्या दिव्यावर ती पेटवली, बाजूला ठेवली आणि मग काडीनं मोठ्या दिव्याची वात कोरायला लागली. ज्योत फडफडली आणि विझली.

मी दारातूनच ओरडलो, "आजी, दिवा गेला! नवरात्राचा दिवा गेला!"

म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी वेड्यांच्या बाजारातून आलोय. "वरडतुस कशाला? ह्ये काय जळतंय मंग?" तिनं पणतीकडं बोट केलं. "काजळी धरली की वात गुदमरती बाबा. झाडावीच लागती. आंदी पनतीवर जोत घ्यायची, मंग झाडायची. कवतिकानं नऊ दिस हातच लावला न्हाई, तर त्यो आपसूक मरंल. तवा कुनाला दोस देनार? देवीला?" तिनं काजळी झाडली, वात पुढं सरकवली आणि पणतीवरून पुन्हा पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली. "आन् घडीभर इझला म्हनून काय झालं? तिला अंधाराचं भ्या वाटतंय व्हय?" असं म्हणून ती आपलीच खुदकन हसली.

मी त्या उंबऱ्यावर बसलो तो उठेचना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गाडीतली एकूण एक वायर मी उघडून बघितली होती, एक सोडून. का सोडली? देवीचा दिवा विझू नये म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि स्वतःलाही. पण तिथं उन्हात बसल्यावर दुसरंच काहीतरी वर आलं. तो सांधा माझ्या हातचा होता. माझ्या हातचा सांधा बिघडू शकतो हे मला मान्य नव्हतं. देवीला पुढं केलं होतं आणि तिच्या पाठीमागं मी लपलो होतो. सात दिवस! आणि बाई कालव्यात जाता जाता राहिल्या, त्याचा जाब मी देवीला विचारायला आलो होतो. मला रडू आवरेना. म्हातारीनं विचारलं, "कुनी गेलं का रं घरातलं?" मी नाही म्हणून मान हलवली. "मंग उपासाचं आसंल," म्हणाली आणि तिनं गुळाचा खडा हातावर ठेवला.

मी उठलो आणि पाथर्डीची जीप धरायला उलटा निघालो. म्हातारी मागून ओरडली, "आरं, गड हिकडं हाय! दर्शन न घेता कुटं चाललास?" "काम राहिलंय आजी," मी म्हणालो. "लई निराळाच हाय बाबा तू," एवढं तिचं कानावर पडलं.

सातव्या माळेच्या सकाळी अंघोळ करून मी गाडीपाशी गेलो. बाकड्यावर निरांजन लावलं, हात जोडले, म्हटलं, "आई, तुझी ज्योत इथं आहे. आता काजळी झाडतो." बॅटरी सोडवली. डॅशबोर्डावरचा लाल दिवा विझला, आणि आकाश काही कोसळलं नाही. मग खाली वाकून त्या सांध्यावरचा टेप सोडवला. आत तांब्याची वायर राहिलीच नव्हती. हिरव्या गंजाचा लगदा झाला होता, त्यात तांब्याच्या तारांचे चार केस कसेबसे शाबूत. झेंडूच्या फुलाचं पाणी रोज त्या वायरीवरून ओघळत बरोबर सांध्यात उतरत होतं. आणि जी वायर मी तोडून जोडली होती, तीच पुढं स्टेअरिंगच्या पेटीकडं जात होती. दिव्याला लागायचा चिमूटभर करंट, तो त्या चार केसांतून मिळत होता. मीटरलाही तेवढाच पुरतो, म्हणून ते बारा व्होल्ट दाखवत होतं. पेटीला लागायचा मूठभर. ती मागायला गेली की सगळं सांध्यातच अडकायचं. पेटीला काहीही झालं नव्हतं. ती बिचारी उपाशी होती.

कुजलेला भाग कापला, नवी वायर घेतली आणि ह्या वेळी पिळून नाही, नीट सोल्डर करून जोडली. देवीच्या दिव्यासाठी वेगळी वायर, वेगळा फ्यूज. बॅटरी लावली, आधी लाल दिवा उजळला. मग इंजिन सुरू केलं आणि एक बोट स्टेअरिंगवर ठेवलं. लोण्यात फिरावं तसं चाक फिरलं. मी डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं, परत डावीकडं. गाडीत एकटाच बसून मी हसत होतो आणि रडत होतो.

पण खरं अवघड काम त्यानंतरच होतं. "पेटी दुरुस्त केली" असं म्हणालो असतो तर बाईंना काय कळणार होतं? नगरच्या गॅरेजवाल्यांना जे जमलं नाही ते आमच्या वायरमननं केलं, असं गावभर झालं असतं. मोह झाला, नाही कशाला म्हणू? किल्ली घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत मी तेच वाक्य घोळवत होतो. दारात गेलो आणि तोंडातून भलतंच निघालं, "बाई, चूक माझी होती. पेटी कधी बिघडलीच नव्हती. मी दिव्यासाठी जोडलेला सांधा सडला होता. तुम्ही कालव्यात गेला असता तर ते माझ्यामुळं." पेशंट ऐकत होते, मी तरीही सगळं सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी घातलेला टाका चिघळला तर मी आधी माझाच टाका उघडते. पेशंटच्या नशिबाला बोल लावत नाही. तू सात दिवस काय करत होतास?"  त्यांनी हात पुढं केला, किल्ली घेतली, गाडीत बसल्या आणि पेठेतून एक चक्कर मारून आल्या. उतरताना चेहरा बदलला होता. "दिवा ठेवलास ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "राहू दे. पण फूल कोरडं वाहत जा." असं म्हणून त्या पेशंट तपासायला गेल्या. त्यांनी मला ह्याहून जास्त कधीच काही ऐकवलं नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणी चूक केली असती, तर मी त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

दसऱ्याला भाऊ पुण्याहून आला तेव्हा बाई घरी नव्हत्या. दुपारीच देवळाली प्रवराकडून निरोप आला होता आणि त्या गाडी घेऊन निघून गेल्या होत्या. भाऊ दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. मी त्याला चहा दिला, आपट्याची पानं दिली, पण सांगायचं काय ते कळेना. दिवस कलायच्या सुमाराला मोत्याच्या रंगाची गाडी रस्त्यावर दिसली. फाटकापाशी अरुंद वळण आहे, तिथून बाईंनी ती एका हातानं अलगद आत घेतली. "मुलगी झाली," उतरता उतरता त्या म्हणाल्या. "आई-लेक दोघी छान." भाऊ म्हणाला, "ताई, सामान बांधलंस का?" बाई म्हणाल्या, "अरे, पुढच्या महिन्यातल्या तारखा देऊन बसलेय मी बायकांना. आता कुठली येते?" भावानं एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा गाडीकडं, आणि हसून मान हलवली. त्या पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडंच राहिल्या.

पुढच्या नवरात्रात मी पुन्हा मोहट्याला गेलो. म्हातारी होती, त्याच घरात. असल्या गोष्टींत पुन्हा शोधायला गेलं की घर सापडत नाही, माणूस सापडत नाही, असं ऐकलं होतं. इथं तर दोन्ही जिथल्या तिथं. मी तिला सगळी हकिकत सांगितली, तिच्या पाया पडलो. तिला काहीही आठवत नव्हतं. "मी काय केलं बाबा? मी माजा दिवा साफ करत हुते," म्हणाली आणि चहाला बस म्हणाली. मी बसलो. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ज्या वेळी मला दाखवायला हवं होतं, त्या वेळी ती तिथं काजळी झाडत होती, आणि मला तिथंच तहान लागली होती. हे कुणी घडवलं ह्याचा हिशोब मी करत नाही. पूर्वी मला वाटायचं, देवावर सोडणं म्हणजे हात न लावणं. आता वाटतं, आपल्या हातचं काम उघडून बघायची हिंमत मागणं, आणि आत जे निघेल ते कबूल करणं. ते करताना आधार लागतो, आणि तो मिळतो, एवढा माझा अनुभव आहे.

चहा पिऊन मी गड चढलो. गर्दी होती, पुजारी पुढं चला पुढं चला म्हणत होता. आईसमोर मला क्षणभरच उभं राहायला मिळालं. लेकीसाठी, दुकानासाठी, बाईंसाठी बरंच काही मागायचं ठरवून गेलो होतो. हात जोडल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. मी एवढंच म्हणालो, "आई, माझी चूक मला दाखवत जा."